छर्रा पडतो कुठे?

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळे गावी जमलो होतो. भाच्याने खानदेशात पारोळ्याकडच्या आमच्या वडिलोपार्जित शेताचा नकाशा ओट्यावर पसरला. तो ट्रॅप नेमबाजी करतो, म्हणजे यंत्राने उडवलेली चकती बाराबोर बंदुकीने हवेतच फोडायची. २००४ साली अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळवलं तो डबल ट्रॅप याच घराण्यातला खेळ. सरावाला लांब जावं लागतं, म्हणून घरच्या जमिनीवर रेंज करायचं त्याच्या मनात आहे. परवानगीचे कागद अजून व्हायचे आहेत, पण नकाशावर उभं राहायची जागा, यंत्राचा खड्डा, चकतीची दिशा सगळं आखून झालं होतं. आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, शेजारी उभा राहून बघत होता. चकतीच्या बाणापुढे जी कोरी जागा होती तिथे त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, "आठे ढोरे चरतस, भाऊ." म्हणजे इथे गुरं चरतात.

सगळं शिसं पडणार होतं ते नेमकं तिथेच.

स्पर्धेच्या एका काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रा, म्हणजे शिशाचे बारीक गोल दाणे असतात. एक छर्रा साधारण बाजरीच्या दाण्याएवढा, म्हणजे काडतुसामागे ३०० च्या आसपास दाणे. चकती फुटायला त्यातले मोजकेच लागतात, बाकीचे पुढे जाऊन जमिनीवर येतात. दोघांनी आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी १०० काडतुसांचा सराव केला तर आठवड्याला ९.६ किलो शिसं होतं. वर्षातले ४० आठवडे धरले तर ३८४ किलो, म्हणजे पावणेचार क्विंटलच्या वर. आपल्याकडे कोरडवाहू एकराला एवढा कापूस निघाला तरी त्याची आठवण ठेवतात. हे शिसं मात्र कुणी मोजत नाही, कारण ते डोळ्यांसमोर पडत नाही. बहुतेक छर्रे १०० ते २०० मीटर पुढे पडतात.

जमीन कोणती, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. खानदेशातली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात चुनखडी असते आणि ती अल्कधर्मी, सामू (पीएच) बहुधा ८ च्या आसपास. आम्लधर्मी मातीत शिसं लवकर विरघळतं, आपल्या मातीत नाही. इथे छर्ऱ्यावर शिशाच्या कार्बोनेटची पांढरट साय धरते आणि चिकणमातीचे कण सुटलेलं शिसं धरून ठेवतात. म्हणून ते झिरपत खोल विहिरीपर्यंत जाण्याची भीती आपल्याकडे कमी आहे. पण मातीला चिकटलेलं शिसं पावसाच्या लोंढ्याबरोबर मातीसकट वाहतं, म्हणून छर्रा नाल्यावर, शेततळ्यावर किंवा उघड्या विहिरीवर पडेल अशी दिशा कधीच धरू नये.

काळ्या मातीची आणखी एक खोड प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. वैशाखात ती फाटते. दुपारी आम्ही शेतात गेलो तेव्हा भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला. वरची भुसभुशीत माती, खडे, काडीकचरा सगळं त्या भेगेत घरंगळतं, पाऊस पडला की माती फुगते आणि तोंड मिटतं. माती अशी स्वतःलाच नांगरत असते. तिथे पडलेला छर्रा एका पावसाळ्यात हाताबाहेर जातो. पुढे कधी काढायचा म्हटलं तर अख्ख्या शेताची माती चाळावी लागेल.

विहीर वाचली म्हणून सगळे वाचले असं नाही. गावठी कोंबडी साफ करताना आत स्नायूंची एक घट्ट पिशवी निघते. चिरली की त्यात बारीक खडे सापडतात. ती पेषणी. दाणे खाणाऱ्या पक्ष्यांना दात नसतात, म्हणून ते खडे गिळतात आणि पेषणी त्यांच्यावर दाणा भरडते. तित्तर, लावा, होला, मोर या सगळ्यांना बाजरीएवढा गोल छर्रा दाणा तरी वाटतो नाहीतर खडा तरी. मातीचा सामू कितीही असो, पक्ष्याच्या पोटात आम्लच असतं. छर्रा तिथे घासला जातो, विरघळतो आणि शिसं रक्तात उतरतं. पंख लोंबतात, पचन थांबतं, पक्षी खंगून मरतो. लहान पक्ष्याला थोडेसे छर्रेही पुरतात. म्हणूनच अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचा छर्रा देशभर बंद केला आणि डेन्मार्कने १९९६ मध्ये तो पूर्णच हद्दपार केला. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण चकतीवर झाडलेला छर्राही त्याच रानात पडतो. सालदाराची भीतीही खरी होती. चरताना गवताबरोबर माती आणि छर्रे पोटात गेले तर गुरांना शिशाची बाधा होते. जनावर दात खातं, आंधळ्यासारखं धडपडतं, दगावतं. माणसाचं म्हणाल तर रक्तातलं शिसं अमुक पातळीपर्यंत चालतं, असा आकडा जागतिक आरोग्य संघटना देत नाही.

यावर मी भाच्याला सांगितलं ते असं. रेंज काळ्या रानात नको, बरडावर, म्हणजे मुरमाड माळावर कर. मुरमाची जमीन फाटत नाही. दुसरं, चकतीचा कोन आवळ. ती ९० अंशांच्या पंख्यात कुठेही उडवली तर १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात जवळजवळ सहा एकर रान छर्ऱ्याखाली येतं. रोजच्या सरावात तोच पंखा ३० अंशांवर आणला तर दोन एकरांत भागतं. स्पर्धा जवळ आली की कोन वाढव. सुरक्षेसाठी पुढची मोकळी जागा मात्र तसूभरही कमी करायची नाही.

मग त्या दोन एकरांचं खळं करायचं. आमचे आजोबा खळं चोपून, सारवून घेत, एक दाणा मातीत जाऊ देत नसत. तसाच मुरूम दाबून सपाट करायचा, गवत वाढू द्यायचं नाही आणि मृगाच्या आत झाडून, चाळून, वाऱ्यावर न उडवता छर्रा गोळा करायचा. तोंडाला चांगला मास्क, हातात मोजे, जागा ओलसर आणि पोरं लांब. जमलेलं शिसं नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याकडे जाऊ दे, त्याला भंगारात भाव आहे. ते घरी चुलीवर वितळवून जाळ्याची वजनं ओतायचा मोह होतो, कारण शिसं ३२७ अंशांनाच वितळतं. पण त्यातून उठणारा धूर आणि धूळ घरातल्या लेकराबाळांच्या अंगात जाते.

पोलादी छर्रा हा खरा उपाय. तो हलका असल्यामुळे लवकर वेग गमावतो, म्हणून दोन नंबर मोठा घ्यावा लागतो. मात्र आजोबांच्या जुन्या बाराबोरमधून तो झाडू नये, कठीण छर्ऱ्याने पातळ नळी आणि चोक, म्हणजे नळीचं निमुळतं तोंड, खराब होतात.

चकतीला मातीची म्हणतात, पण ती असते चुनखडीची भुकटी आणि डांबर यांची. कोळशाच्या डांबरात कर्करोगकारक संयुगं असतात आणि अशा चकत्यांचे तुकडे खाऊन डुकरं मेल्याची नोंद पशुवैद्यकात आहे. डांबराशिवायच्या चकत्या मिळतात, त्या घ्याव्यात. काडतुसातली प्लॅस्टिकची वाटी बंदुकीपासून थोड्याच अंतरावर पडते, ती रोज वेचता येते. शेजारी कपाशी असेल तर वेचलीच पाहिजे. कापसात प्लॅस्टिक सापडलं की जिनिंगवाला भाव पाडतो.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर आम्ही दोघं बरड बघायला गेलो. खड्यांसारखीच ठिपक्यांची चार अंडी पायाखाली येता येता वाचली. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. भाच्याने चार दगड रचून खूण केली आणि मोबाइलवर तारीख टिपली. टिटवीची अंडी फुटायला २८ ते ३० दिवस लागतात. तेवढे दिवस बरडावर रोलर फिरवायचा नाही, असं त्याने तिथेच ठरवलं.