झोन १ मधलं किल्लारी: मराठवाड्याच्या नकाशांमागची गोष्ट

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग तेव्हा झोन १ मध्ये होता, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून लोक गाढ झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडाचं माळवद आणि माळवदावर दरसाल चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं हेच ओझं अंगावर आलं. लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

नकाशा काढणाऱ्यांनी काही लपवलं नव्हतं. असे नकाशे मुख्यतः पूर्वी नोंदलेल्या धक्क्यांवर आणि भूगर्भाच्या ज्ञात रचनेवर बेतलेले असत. दख्खनच्या पठारावर नोंदीच थोड्या. त्यामुळे ‘नोंद नाही’ आणि ‘धोका नाही’ या दोन गोष्टी एकाच रंगात रंगल्या. १९६७ च्या कोयना भूकंपाने हे एकदा दाखवून दिलं होतंच. पुढे २००२ च्या सुधारित नकाशात झोन १ हा वर्गच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर झोन ३ मध्ये गेला. नकाशा बदलायला नऊ वर्षं लागली.

पाण्याच्या नकाशांचं दुखणं वेगळं आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. तिने महाराष्ट्राचे दीड हजारांवर पाणलोट पाडले. निरीक्षण विहिरींत टेप सोडून पावसाळ्याआधी आणि नंतर पातळी मोजायची, ही तिची रीत. पाणी ओढ्याच्या उताराने जातं; टँकर आणि अनुदान मात्र गाव-तालुक्याच्या हद्दीने येतं. हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवले, तर रेघा कुठेच जुळत नाहीत.

दुष्काळाचा निर्णय वर्षानुवर्षं पैसेवारीवर होई: नेहमीचं पीक म्हणजे रुपया धरून यंदाच्या पिकाचा कापणीवरून अंदाज, आणि तो ५० पैशांच्या आत आला की गाव टंचाईत. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पाऊस, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल असे निर्देशांक पुढे आणले. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले ते या नव्या चौकटीत. माझ्या मते पैसेवारीपेक्षा हे नक्कीच बरं. पण शिवारातून हिंडल्याशिवाय ‘हिरवं’ म्हणजे सोयाबीन की नुसतं तण, हे उपग्रहाला कसं उमगावं? म्हणून तर संहितेत प्रत्यक्ष पाहणीची पायरी ठेवावी लागली.

अतिवृष्टीला मोजमाप महसूल मंडळाचं: २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर. एका मंडळात कितीतरी गावं, आणि आपल्याकडचा वळीव तर एका बांधावर कोसळतो, दुसऱ्यावर नाही. पर्जन्यमापकाजवळ ६० मिलिमीटर पडला आणि पाच कोसांवर सोयाबीनच्या काकऱ्यांतून पाणी वाहिलं, तर नकाशात ते शिवार कोरडंच राहतं.