मधुमेहाच्या गोळ्यांनी किडनी खराब होते? कोरियातला जुना गैरसमज

‘शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की किडनी जाते’, हे दक्षिण कोरियात इतकं पक्कं बसलंय की कित्येक जण गोळी सोडून वनौषधींच्या काढ्यांकडे वळतात. आपल्याकडेही हेच ऐकू येतं. खरं तर कोरियात डायलिसिसवर जाण्याचं सर्वांत मोठं कारण मधुमेह हाच आहे. त्याची गोळी नव्हे.

गैरसमज येतो कुठून? मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं नेहमीचं औषध शरीरात न बदलता लघवीवाटेच बाहेर पडतं. किडनी मंदावली की ते रक्तात साठतं आणि लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो. म्हणून ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा रक्ततपासणीवरून काढलेला आकडा) ४५ च्या खाली गेला की डोस साधारण निम्मा करतात, ३० च्या खाली गोळी बंद. रुग्णाला दिसतं ते एवढंच: किडनी बिघडली, गोळी थांबली. मग दोष गोळीवर.

ग्लिफ्लोझिन गटाचं (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या) आणखी वेगळं. २०२२ मध्ये कोरियात मंजूर झालेलं तिथलंच एनाव्होग्लिफ्लोझिन (०.३ मिग्रॅ) याच गटातलं. या गोळ्यांनी सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) किंचित वाढू शकतं, कारण किडनीच्या गाळणीवरचा दाब उतरतो. घाबरून गोळी सोडू नका, डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. या गटातल्या काही औषधांनी पुढे किडनीचं रक्षण होतं, हे मोठ्या चाचण्यांत दिसलंय.

उलट्या-जुलाब होत असतील तेव्हा मात्र मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिन या दोन्ही गोळ्या तात्पुरत्या थांबवण्याबद्दल लगेच विचारा. आणि वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीतून गळणारं प्रथिन) तपासाच. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीला सुरुवातीची गळती दिसत नाही.