मद्यप्रभावित व विचलित वाहनचालन (मराठवाडा)

मद्याच्या किंवा अन्य अमली द्रव्याच्या प्रभावाखाली, अथवा लक्ष रस्त्यावरून दुसरीकडे गेलेले असताना मोटार वाहन चालविण्याची कृती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये पहिल्या प्रकाराचा विचार कलम १८५ मध्ये, तर दुसऱ्याचा मुख्यतः कलम १८४ मधील धोकादायक वाहनचालनात केलेला आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपुरते पाहता शिक्षेच्या आकड्यांपेक्षा पुरावा केव्हा व कसा मोजला जातो, हाच प्रश्न अधिक निर्णायक ठरतो.

हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने येथील मद्यविषयक कायद्याची पूर्वपीठिका निराळी आहे. येथे हैदराबाद अबकारी कायदा (१३१६ फसली, म्हणजे सुमारे इ. स. १९०६–०७) लागू होता, मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा राज्यपुनर्रचनेनंतर १९५९ च्या विस्तार अधिनियमाने येथे आला. त्याच्या कलम ६६ नुसार रक्तातील मद्यार्क ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलि. रक्तात ५० मिग्रॅ. किंवा अधिक आढळल्यास, घेतलेले द्रव्य औषधी वा प्रसाधनी स्वरूपाचे होते हे दाखविण्याची जबाबदारी आरोपीवर येते. कलम १८५ ची मर्यादा मात्र ३० मिग्रॅ. आहे आणि ती १९९४ च्या दुरुस्तीने आली. १९८८ च्या मूळ तरतुदीत मद्यार्काचे कितीही अल्प प्रमाण पुरेसे होते. पहिला आकडा मद्यसेवनाच्या गुन्ह्यासाठी व दुसरा वाहनचालनासाठी असल्याने त्यांत विसंगती मानण्याचे कारण नाही, तरी प्रत्यक्ष चर्चेत त्यांची गल्लत वारंवार होते.

श्वासविश्लेषक यंत्र रक्त मोजत नाही. फुप्फुसातून येणाऱ्या हवेतील मद्यार्क मोजून त्यावरून रक्तातील प्रमाण काढते. यासाठी रक्त व श्वास यांचे गुणोत्तर गृहीत धरावे लागते. अमेरिकेत ते २१००:१, तर ब्रिटनमध्ये २३००:१ मानतात. ३० मिग्रॅ. ची मर्यादा पहिल्या गुणोत्तराने एक लिटर श्वासात सुमारे ०.१४३ मिग्रॅ., तर दुसऱ्याने सुमारे ०.१३० मिग्रॅ. होते. प्रत्यक्ष गुणोत्तर व्यक्तीगणिक आणि मद्य घेतल्यानंतरच्या वेळेगणिक बदलते. मात्र त्याची सरासरी २१०० च्या वरच असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात, त्यामुळे पहिल्या गुणोत्तरातील चूक सहसा चालकाच्या बाजूने पडते व तेच अधिक सावधपणाचे म्हणता येईल. नुकताच घोट घेतलेला असल्यास तोंडात राहिलेल्या मद्यार्काने आकडा फुगतो, म्हणून फुंकर घेण्यापूर्वी सुमारे पंधरा मिनिटे थांबण्याची पद्धत आहे.

अटकेनंतर दोन तासांत नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून तपासणी न झाल्यास अटक केलेल्या व्यक्तीस सोडावे लागते (कलम २०२). रक्तातील मद्यार्क ताशी साधारण १० ते २० मिग्रॅ. या गतीने उतरतो. म्हणजे घटनेनंतर दोन तासांनी घेतलेला नमुना २२ मिग्रॅ. भरला, तर तो मर्यादेखाली असला तरी, मद्याचे शोषण तोवर पूर्ण झाले होते असे धरल्यास, घटनेच्या वेळी प्रमाण ४२ ते ६२ च्या दरम्यान असू शकते. अशा उलट्या गणिताचा उल्लेख कलम १८५ मध्ये नाही. त्यामुळे आडरस्त्यावरील अपघातस्थळापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत लागणारा वेळ हा आरोपीच्या पथ्यावर पडणारा असतो. नमुना घेताना कातडीला स्पिरिट लावू नये, असे दारूबंदी कायद्याखालील १९५९ च्या रक्तचाचणी नियमांत स्पष्ट आहे. पुढे तो छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड येथील न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातो. नुसत्या श्वासयंत्राच्या आकड्यावर भर देणाऱ्या जुन्या शब्दरचनेत २०१९ च्या दुरुस्तीने ‘प्रयोगशाळेतील चाचणीसह अन्य कोणतीही चाचणी’ ही भर पडली. नांदेडच्या तेलंगणालगतच्या भागात शिंदीचे सेवन आहे. तेलंगणात शिंदीत क्लोरल हायड्रेट या गुंगी आणणाऱ्या द्रव्याची भेसळ आढळलेली आहे, आणि ते श्वासयंत्रात दिसत नाही. अशा चालकाविरुद्ध कलम १८५ च्या दुसऱ्या खंडाचा, म्हणजे वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ करणाऱ्या अमली द्रव्याचा, आधार घ्यावा लागतो.

कलम १८५ खालील पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुढील गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हा गुन्हा जागेवर तडजोड शुल्क भरून मिटत नाही, न्यायालयात जावे लागते. हातातील मोबाइलचा गुन्हा मात्र तसा मिटवता येतो. वाहतुकीची नुसती पावती फाडून प्रकरण संपेल अशी अपेक्षा ठेवणारा चालक येथेच फसतो.

मद्याच्या अल्प प्रमाणातही सर्वांत आधी घसरते ती एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता, आणि मोबाइलही तीच क्षमता खातो. या अर्थाने दोन्ही धोके एकाच जागी मिळतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोरंटो येथील अभ्यासात दूरध्वनीवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, व हात मोकळे ठेवणाऱ्या साधनाने तो कमी झाल्याचे दिसले नाही. ताशी ८० किमी. वेगाने वाहन सेकंदाला सुमारे २२ मी. जाते, समृद्धी महामार्गाच्या १२० किमी. कमाल वेगाने ३३ मी. तीन सेकंद संदेश वाचणारा चालक येथे जवळजवळ शंभर मीटर रस्ता न पाहता पार करतो. गाळप हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर असल्यास हे अंतर पुरेसे घातक ठरते. (ट्रॅक्टर मोटार वाहन आहे, ऊस वाहणारी बैलगाडी नाही; म्हणून कलम १८५ दुसरीच्या गाडीवानाला लागू होत नाही.) विचलनासाठी रक्तासारखे मापन नाही, पुरावा मोबाइल कंपनीच्या नोंदींवर व साक्षीदारांवर अवलंबून राहतो.

मृत्यू घडल्यास, १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) लागते, ज्यात पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. परिणामाची जाणीव सिद्ध झाल्यास सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ येते. जुन्या भारतीय दंड संहितेखाली अशीच भूमिका सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील मद्यपी चालकाच्या अ‍ॅलिस्टर परेरा प्रकरणात (२०१२) मान्य केली होती. अपघात करून पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास सांगणारे कलम १०६(२) मालमोटार चालकांच्या जानेवारी २०२४ मधील आंदोलनानंतर, संहितेसोबत अमलात आणले गेले नाही.