डिस्ट्रो वेगळा, डेस्कटॉप वेगळा: जुन्या कॉम्प्युटरसाठी निवडताना होणारा घोळ

विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे जुन्या मशीनवर लिनक्स, विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, इथपर्यंत सगळे येतात. मग कुणीतरी विचारतं, "हलकं लिनक्स कोणतं?" आणि उत्तरं येतात: मिंट, झुबंटू, डेबियन, सिनॅमन, एक्सएफसीई. पहिले तीन डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्या आहेत, शेवटचे दोन डेस्कटॉप. त्यांना एकाच रांगेत उभं केलेलं पाहिलं की मला खरोखर त्रास होतो, कारण त्या सल्ल्यावर विसंबून माणसं पुन्हा पुन्हा डिस्क फॉरमॅट करत बसतात.

डेस्कटॉप म्हणजे मेनू, पॅनेल, खिडक्या, म्हणजेच डोळ्यांना दिसणारा भाग. डिस्ट्रो म्हणजे त्याखालचं सगळं, आणि अपडेट्स किती वर्षं मिळणार याची हमी. विंडोजमध्ये हे दोन्ही एकत्रच येत असल्याने ते सुटे असू शकतात हे लक्षातच येत नाही.

मशीन जड वाटतं ते बहुतांशी डेस्कटॉपमुळे. लिनक्स मिंट २२ सिनॅमनसह मिळतं आणि एक्सएफसीईसहही. पाया दोन्हीकडे उबंटू २४.०४ या डिस्ट्रोचाच, अपडेट्स दोन्हींना २०२९ पर्यंत. पण सिनॅमन खिडक्या रंगवायला ग्राफिक्स कार्डाची मदत घेतं. कार्ड जुनं आणि अशक्त असेल तर तो भार प्रोसेसरवर पडतो. एक्सएफसीईला रॅम कमी लागते आणि त्यातले इफेक्ट्स सरळ बंद करता येतात.

आता उलटं पाहा. झुबंटू २४.०४ मध्येही एक्सएफसीईच आहे आणि पायाही तोच. पण त्याची अपडेट्स तीनच वर्षं, एप्रिल २०२७ पर्यंत. तेव्हा "मिंट हलकं की झुबंटू?" या प्रश्नात विचारायचं असतं वजन, पण खरा फरक आहे मुदतीचा.

डेस्कटॉप नंतरही बदलता येतो: दुसरा इन्स्टॉल करा, लॉगिनच्या वेळी निवडा. डिस्ट्रो बदलायचा तर बॅकअपपासून सगळं नव्याने. म्हणून आधी मुदत पाहून डिस्ट्रो ठरवा. घरच्या वापरासाठी मी मिंट आणि एक्सएफसीई हीच जोडी सुचवेन.

३२-बिटचा (जुन्या पिढीच्या प्रोसेसरचा) मुद्दा थोडक्यात: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट इन्स्टॉलरच नाही. मात्र जुनं विंडोज ३२-बिट होतं म्हणून प्रोसेसरही तसाच असेल असं नाही. प्रोसेसरचं मॉडेल पाहा.

आणि पेनड्राइव्हवरून चालवून "लिनक्सही संथच" असा निकाल कृपया देऊ नका. तो वेग पेनड्राइव्हचा असतो. तिथे वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतात का तेवढं तपासा. मशीनमध्ये अजून फिरती हार्डडिस्क असेल तर डेस्कटॉपच्या वादात पडण्याआधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा.