‘बघूनच कळतं!’

एखाद्याची चाल, आवाज, शर्टाचा रंग पाहून ‘तो तसलाच’, म्हणजे समलिंगी, असं छातीठोकपणे सांगणारे आपल्याकडे पैशाला पासरी. अमेरिकेत या कथित हातोटीला ‘गेडार’ म्हणतात आणि तिच्यावर भरपूर संशोधन झालंय.

निकोलस रूल आणि नलिनी अंबाडी या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये पुरुषांचे चेहरे सेकंदाचा जेमतेम विसावा भाग दाखवून समलिंगी कोण, ते विचारलं. उत्तरं निव्वळ योगायोगापेक्षा सरस आली. पण अशा प्रयोगांतले फोटो बरेचदा डेटिंग साइटवरचे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या विल्यम कॉक्स आणि सहकाऱ्यांनी 2015 साली तसे फोटो तपासले, तर समलिंगी लोकांचे फोटो मुळात चांगल्या दर्जाचे निघाले. तो फरक काढून टाकल्यावर लोकांना काहीच ओळखता येईना!

बरं, धरून चालू की नजर 60 टक्के अचूक आहे. 1000 जणांत 50 समलिंगी असतील तर त्यातले 30 सापडतील. उरलेल्या 950 पैकी 380 जणांवर मात्र नाहक शिक्का बसेल. म्हणजे ज्यांच्याकडे बोट दाखवलं, त्यातले बहुतेक भलतेच.

मग हा अंदाज येतो कुठून? बऱ्याच अंशी बघणाऱ्याच्याच डोक्यातून. कॉक्स यांनी काही जणांना ‘गेडार खरं असतं’ असं सांगितलं. न सांगितलेल्यांपेक्षा ही मंडळी ‘याला खरेदीची आवड आहे’ एवढ्यावरून माणसाला समलिंगी ठरवायला कितीतरी जास्त तयार होती. चॅडली स्टर्न आणि सहकाऱ्यांना 2013 मध्ये आढळलं की बायकी चेहरा म्हणजे समलिंगी, हा आडाखा उदारमतवादी लोक कमी वापरतात. पण त्यांच्या डोक्याला दुसरं काम लावलं, की तेही परंपरावाद्यांसारखेच वागतात. साचा दोघांच्याही मनात असतो. एक गट तो आवरायचे कष्ट घेतो, इतकंच.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो कॉक्स आणि पॅट्रिशिया डिव्हाइन यांचा 2014 चा प्रयोग. सहभागींना एका खेळात दुसऱ्या माणसाला विजेचे झटके देता येत होते. तो समलिंगी आहे असं स्पष्ट सांगितलं, तेव्हा मनातला पूर्वग्रह लपवणाऱ्यांनी हात आखडता घेतला. त्याला खरेदी आवडते, एवढंच सांगितल्यावर मात्र याच लोकांनी झटके वाढवले. कोणी जाब विचारलाच, तर ‘तो समलिंगी आहे हे मला कुठं माहीत होतं?’ म्हणायची सोय होती.