बोट लागल्यावर नुसतं पाणी का पुरत नाही?

खवळलेल्या समुद्रात शिडाच्या नौकेवर कुणाला बोट लागली की दोन सल्ले हमखास मिळतात: पोट रिकामं ठेव आणि भरपूर पाणी पी. दोन्ही अर्धवट. ‘घोटभर समुद्राचं पाणी पी, मळमळ थांबेल’ हा तिसरा तर निव्वळ खुळचटपणा. त्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. तितकी खारट लघवी आपल्या मूत्रपिंडांना बनवता येत नाही; ते क्षार बाहेर टाकायला शरीरातलंच पाणी खर्ची पडतं.

मग गोडं पाणी? उलटीतून पाण्याबरोबर क्षारही जातात. शिवाय मळमळ झाली की व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढतं आणि मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. त्यात साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. लक्षणं काय? डोकेदुखी, गुंगी, मळमळ. सोबत्यांना वाटतं बोटच लागली आहे, आणि ते आणखी पाणी पाजतात.

खरी करामत लहान आतड्यात आहे. तिथल्या पेशींवर एसजीएलटी-1 नावाचं वाहक प्रथिन असतं. ते दर खेपेला सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू जोडीनेच आत घेतं. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप सोडियम सतत बाहेर उपसतो, त्यामुळे आत त्याची टंचाई कायम राहते आणि ही ओढ थांबत नाही. परासरणाने, म्हणजे क्षार-साखर जिकडे जास्त तिकडे पाणी ओढलं जातं म्हणून, पाणी त्यांच्या मागोमाग जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये (पाण्यात विरघळवून प्यायच्या क्षार-साखरेच्या मिश्रणात) सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला 75 मिलिमोल असतात, ते याचसाठी. साखर वाढवली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. ‘एनर्जी’च्या चकचकीत बाटल्यांची गोम हीच: साखर फार, सोडियम नावाला. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ.

पण बोट लागली की जठर मंदावतं, पाणी आतड्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून दर पाच मिनिटांनी दोन-तीन घोटच. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. बोट लागू नये म्हणूनची गोळीही निघण्याआधी घ्यावी, नंतर ती जठरातच पडून राहते.

खाणं कोरडं आणि थोडं थोडं: बिस्किटं, उकडलेला बटाटा. तेलकट नको, ते जठरात जास्त वेळ रेंगाळतं. वारा चढण्याआधीच शिजवून थर्मासात भरावं. नंतर शेगडी पेटवावीच लागली तर भांडं शेगडीवरच्या चिमट्यांनी आवळून, शक्यतो झाकण बंद होणारा प्रेशर कुकर. सांडून भाजू नये म्हणून अंगात जलरोधक पँट आणि बूट. कप हातात धरून त्यात ओतू नये, सिंकमध्ये ठेवून अर्धाच भरावा.

घोटभरही पाणी टिकत नसेल किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर रेडिओवरून वैद्यकीय सल्ला लगेच घ्यावा.