पार्श्वभूमी : काट्याचा स्पॅन किती वजनावर ठरवायचा?

गळीत हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यात दराइतकाच वाद काट्यावरून पेटतो. बाहेर तोललेली ट्रॉली कारखान्यावर कमी भरली की काटामारीचा आरोप होतो. तो कुठे कुठे खराही असतो. पण कोणी हात न मारताही, स्पॅन म्हणजे सिग्नलवरून किलो काढण्याचा गुणक चुकला तर, इलेक्ट्रॉनिक काटा कमी दाखवू शकतो, आणि हा भाग चर्चेत येतच नाही.

ताण दिला की तारेचा विद्युत रोध बदलतो, हे ग्लासगोच्या एका प्राध्यापकाने १८५६ मध्ये दाखवले. धातूवर चिकटवून त्याचा ताण मोजणारा स्ट्रेनगेज १९३८ मध्ये अमेरिकेत दोघांनी स्वतंत्रपणे बनवला. आपल्याकडे तेव्हा मण-शेर चालत होते. मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. भुईकाट्याच्या खड्ड्यात लोखंडी तरफा असत आणि दांडीवरचा भार हाताने सरकवावा लागे. त्या काट्याची झीज डोळ्यांना दिसायची. लोडसेल, म्हणजे स्ट्रेनगेज चिकटवलेला धातूचा ठोकळा, आल्यावर चूक एका आकड्यात जाऊन बसली.

हा आकडा किती नाजूक आहे? प्रत्येकी ३० टनांचे सहा सेल, १० व्होल्टचा पुरवठा आणि पूर्ण भाराला २० मिलिव्होल्ट असा काटा धरा. त्यावर १० किलो म्हणजे जेमतेम एक मायक्रोव्होल्ट. इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारे यंत्र, या सिग्नलचे काउंट (अंकी मोजणी) करतो, त्यातून रिकाम्या काट्याचे काउंट वजा करतो आणि उरलेल्याला स्पॅनच्या गुणकाने भागतो. झिरो, म्हणजे रिकाम्या काट्याचे काउंट, रोज सुधारता येतो, बरेच इंडिकेटर तो आपोआपही ओढून घेतात. गुणक मात्र एकदा ठरला की सील लागते.

तो ठरवताना किती वजन ठेवायचे, हा खरा वादाचा मुद्दा. मानक वजने गाडीत घालून न्यावी लागतात, भाडे आणि हमाली पडते, म्हणून एका टनावर उरकण्याचा मोह होतो. समजा, रिकामा काटा ८४,२०० दाखवतो आणि एक टन ठेवल्यावर १,०४,२००. गुणक आला किलोला २० काउंट. पण झिरो घेतल्यानंतर वजने उतरवताना चाकाचा दोन किलो चिखल प्लॅटफॉर्मवर राहिला, तर काउंट १,०४,२४० येतात आणि गुणक २०.०४ होतो. चिखल झाडून झिरो पुन्हा घेतला तरी गुणक तोच राहतो. मग १५ टन ऊस १४,९७० किलो भरतो. रिकामी गाडी वजा केल्याने ही तूट जात नाही, कारण ती निव्वळ वजनाच्याच प्रमाणात असते. टनाला ३,००० रुपये धरले तर खेपेला ९० रुपये गेले. चिखल झिरो घेताना असता आणि वजने ठेवताना निघून गेला असता तर नुकसान कारखान्याचे झाले असते, हेही खरे.

वजनेच न ठेवता दुसरीकडे ठरवलेला गुणक तसाच वापरणे त्याहून वाईट. लोडसेल बल मोजतो आणि सोलापुरात गुरुत्वाकर्षण दिल्लीपेक्षा किंचित कमी आहे. दिल्लीत जुळवलेला काटा इथे १५ टनांना सुमारे १२ किलो कमी दाखवेल.

वैध मापन कायदा २००९ चा, अंमल २०११ पासून. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करावी लागते. १० किलोच्या टप्प्याच्या, व्यापारी वर्गातल्या काट्याला १५ टनांवर पडताळणीत १० किलो इकडेतिकडे चालते. म्हणजे दोन प्रामाणिक काट्यांतही २० किलोंचा फरक पडू शकतो. बाहेरच्या काट्याची पावती पुढे करताना हे कोणी सांगत नाही.

पुरेशी मानक वजने नसतील तर तोडगा आहे. असतील तेवढी ठेवून रीडिंग घ्यायचे, ती काढून त्याच आकड्यापर्यंत दुसरा माल चढवायचा, त्यावर पुन्हा मानक वजने ठेवायची आणि असे वरच्या भारापर्यंत जायचे. याला निम्मा दिवस जातो. हंगामाच्या तोंडावर, गाड्यांची रांग लागलेली असताना, तो दिवस द्यायला कोणी राजी नसतो. तेव्हा पडताळणीला हजर राहणाऱ्या शेतकऱ्यांनी शिक्क्याच्या तारखेबरोबर काटा किती टनांपर्यंत तपासला, हेही विचारून घ्यावे.